देवराममामांचं पूर्ण बोलणं

देवराममामा आज सकाळी गेले. गावात त्यांच्यावर जो ठपका आला, तो माझा आहे.

हे तोंडाने कोणाला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मामा सख्खे नव्हेत. लाखांदूरजवळ माझ्या आईचं गाव, त्यामुळे तिथला प्रत्येक जण मामाच. धानाच्या थोड्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यांच्या खाली एक बोडी, म्हणजे लहानसं तळं. त्यात मासे. एवढा त्यांचा संसार.

मी काम करते त्या संस्थेत धानाच्या रोगांचं एआय ॲप तयार होत होतं. फोटो काढा, ॲप रोग ओळखणार, औषध सांगणार.

ते बनवताना लोकांचा सहभाग हवा, असा नियम होता. सल्लागार समितीत एक शेतकरी पाहिजे. मी मामांचं नाव दिलं आणि चाचणीचं ॲप त्यांच्या फोनवर टाकून दिलं.

खरं सांगते, सोयीचं म्हणून दिलं. हा माणूस कोणाला नाही म्हणत नाही, एवढंच पाहिलं होतं.

समितीची व्हिडिओ मीटिंग आमच्या लाखांदूरच्या ऑफिसातून होती. मामा पहिल्याच एसटीने आले. इस्त्रीचा शर्ट, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले धानाचे दोन-तीन बुंधे.

"हे कशाला आणलंत मामा?"

"कमिटीले दाखवाले. अन् तू लय शुद्ध बोलून राहिली वं बाई, घरचीच आहेस ना?"

मी हसले. ऑफिसात मी गावची बोली बोलत नसे.

स्क्रीनवर सगळे बाहेरच्या राज्यांतले, एक बाई तर परदेशातून. मराठी कोणालाच येत नव्हती. मामांना हिंदी चांगली यायची, पण "आपल्या बोलीत बोलू द्या, ऑथेंटिक वाटतं" असं वरून आधीच कळवलं होतं. भाषांतर मी करायचं.

मामांनी एक बुंधा कॅमेऱ्यासमोर धरला.

"हे खेकड्यानं कापलं. मी सोता पाहिलं. तुमच्या मशीनले फोटो दाखवला तं ते म्हनते खोडकिडा आहे, फवारनी करा. मले त्याचा राग नाही. मानूसबी चुकते. पन मानसाले नाही समजलं तं तो म्हनते, बापा, मले नाही समजत, दुसऱ्याले इचार. हे मशीन तसं कदीच म्हनत नाही. त्याले पयले तेवढं शिकवा. अन् चुकलं तं कोनाले सांगाचं, त्या मानसाचं नाव लिहून द्या. तोपावेतर आमच्या गावात आनू नोका."

पाच मिनिटं बोलले असतील. शांतपणे, बुंधा हातात धरून.

मी इंग्रजीत सांगितलं की ॲप फार उपयोगी आहे आणि गावचे शेतकरी आभारी आहेत.

का? कारण ते ॲप गावात नेण्याचं काम माझ्याकडे होतं आणि ते अडलं असतं. आणि दुसरं, जे जास्त वाईट आहे. मला लाज वाटली. त्या खेकड्याची, त्या बोलीची. माझ्याच आईच्या बोलीची.

स्क्रीनवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"येवढ्यातच झालं, बाई?" मामांनी विचारलं.

"इंग्रजीत कमी शब्द लागतात, मामा."

त्यांना ते खरं वाटलं. गावात जाऊन कौतुकाने सांगत होते म्हणे, की इंग्रजी लय कामाची भाषा आहे.

ॲप आलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पोस्टर लागलं, त्यावर मामांचा हसरा फोटो. खाली लिहिलेलं, 'शेतकऱ्यांना विचारून बनवलेलं'. मामांना वाटलं, आपलं ऐकून मशीनला शिकवलं असणार.

पुढच्या हंगामात रोवणी झाल्यावर खेकडे लागले. ॲपने सगळ्यांना खोडकिडा सांगितला. मामांचा फोटो होता म्हणून लोकांनी विश्वास ठेवला आणि फवारलं. मग पावसाने बांध्या भरून वाहिल्या, ते पाणी खालच्या बोड्यांत उतरलं आणि मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. मामांच्या बोडीतलेही.

ग्रामसभेत शेजारच्या बोडीवाल्या सुशीलाबाई उभ्या राहिल्या.

"भाऊजी, तुमचा फोटो पाहून आमी फवारलं. तुमी कमिटीत होते ना? मंग तवा सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं ना. ही बाई होती बाजूले. तिले इचारा."

सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. माझ्या शेजारी माझे साहेब बसले होते.

मी म्हणाले, "मला नीट आठवत नाही."

मामा सगळा वेळ हेच मागत होते, की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. मशीनला माहीत नव्हतं तरी ते बोललं. मला सगळं माहीत होतं आणि मी आठवत नाही म्हणाले.

मामा खाली बसले. सभा संपल्यावर मला म्हणाले, "जेवून जाजो."

मी जेवून गेलेसुद्धा.

त्या दिवसापासून गावाने त्यांचं नाव 'कमिटी' ठेवलं. पानठेल्यावर ते दिसले की पोरं म्हणायची, कमिटी आली. पहिल्यांदा ते हसायचे. मग पानठेल्यावर जाणंच सोडलं.

आज मी मातीला गेले होते. मामी माझा हात धरून म्हणाल्या, "तुया मामाचा लय जीव होता तुयावर. सांगत राहे, मायं बोलनं बाईनं पार परदेशात पोचवलं."

मला तिथे उभं राहवलं नाही.

त्या मीटिंगचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. आज ते समितीतल्या प्रत्येकाला पाठवलं, खऱ्या भाषांतरासकट. ते इंग्रजीत पान भरून झालं. गावाच्या ग्रुपवरही टाकलंय. सुशीलाबाई, ऐका. तुमच्या भाऊजींनी सांगितलं होतं. दहाव्याला मी येणार आहे, जे बोलायचं ते मला बोला. माझं काम राहील की जाईल, मला माहीत नाही. हे मात्र खरंच माहीत नाही.

मामा, तुमचं बोलणं आज पूर्ण सांगितलं. एकही शब्द कमी केला नाही.

उशीर झाला. या भाचीचा शेवटचा नमस्कार.