श्रीरंगचा डबा उठेना

आमच्या घरातल्या सगळ्या आठवणी एका काळ्या डब्यात ठेवलेल्या आहेत आणि तो डबा टीव्हीखालच्या कपाटात चपलांच्या खोक्याशेजारी असतो.

डबा माझ्या मुलाने, श्रीरंगने, आणला. तो गुडगावला कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठा साहेब आहे. (मोठा म्हणजे किती ते मला कळत नाही. घरात तो लहानच असतो.) डब्याला तो सर्व्हर म्हणतो. आमच्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप त्यात जाऊन पडतात आणि फोनमधून पुसले जातात. जुन्या कागदी अल्बमना वाळवी लागली, तेव्हा तेही फोटो त्याने आत घातले आणि अल्बम फेकून दिले.

मी विचारलं, "आणि डबाच बिघडला तर?"

"आई, हा बिघडत नाही गं."

नवरात्रात बिघडला!

तोही कधी, तर माझ्या नातीचा, रेवाचा, रोका (म्हणजे दिल्लीकडचं लग्न पक्कं करणं) दसऱ्याच्या संध्याकाळी ठरलेला असताना. मुलगा पानिपतचा. (हे ऐकलं की आमचे पुण्याचे नातेवाईक आधी लढाईच काढतात. मग म्हणतात, "बरं, माणसं चांगली आहेत ना?") माणसं चांगली आहेत, चादरींचा धंदा आहे. त्यांनी कळवलं होतं, मुलाच्या लहानपणच्या फोटोंची फिल्म पडद्यावर दाखवणार आहोत, मुलीचीही आणा. रेवाचं सगळं लहानपण डब्यात आणि डबा मेलेला.

"बाबा, फिल्म नाही झाली ना, तर मी स्टेजवर बसणारच नाही," रेवा म्हणाली. "त्यांना वाटेल मी डायरेक्ट नोकरीला लागूनच पैदा झाले!"

श्रीरंगने निदान केलं, मदरबोर्ड गेलाय. नवमीच्या सकाळी त्याने नवीन बसवला. (म्हणजे डब्याची आई बदलली. मग तो रुसणार नाही तर काय!) जेवणाच्या टेबलावर डब्याची आतडी पसरली होती. स्क्रू, वायरी, पक्कड आणि नखाएवढा एक काळा पेन ड्राइव्ह. डबा म्हणे त्या पेन ड्राइव्हवरूनच जागा होतो, त्याची सगळी अक्कल त्यात असते. "त्याला कोणी हात लावू नका हां," असं सुनेला, मेधाला, बजावून श्रीरंग आंघोळीला गेला. मला कोणी काही सांगितलं नाही.

आता नवमी म्हणजे आमची खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची पूजा. इथे दिल्लीत तलवारी कुठून आणणार? जे आपल्यासाठी राबतं ते मी पाटावर मांडते. विळी, कात्री, सुरी, शिवाय टेबलावरची पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर. आणि माझा आरतीचा पेन ड्राइव्ह. माझा घसा गेल्यापासून आमच्याकडे आरती स्पीकर म्हणतो, तेव्हा मान त्याचाही. स्पीकर पुसायला काढला होता, म्हणून त्यातला पेन ड्राइव्हही टेबलावरच पडला होता. तोही काळा, तोही नखाएवढा, कारण श्रीरंगने दोन्ही एकाच दुकानातून आणलेले. मला टेबलावर दोन दिसले. जवळचा उचलला. हळदकुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. झाली पूजा.

श्रीरंग बाहेर आला, टेबलावर उरलेला पेन ड्राइव्ह डब्याला लावला आणि बटण दाबलं. पंखा फिरला. जोडलेला पडदा काळा आणि वर इंग्रजीत एक ओळ.

"काय म्हणतोय?" मी विचारलं. (मी चौथी पास. इंग्रजीशी माझा संबंध नाही.)

"म्हणतोय, चालू व्हायला काही सापडत नाही."

"मग शोध म्हणावं! नुसता सांगत काय बसलाय?"

श्रीरंगने स्क्रू ड्रायव्हरकडे हात नेला. मी तो वरच्या वर अडवला. "पूजेतलं हत्यार उद्यापर्यंत हलवायचं नाही."

"आई, यार, एक मिनिट फक्त!"

"देवाला यार म्हणून सांग."

शेवटी शेजारच्या मिसेस चोप्रांकडून स्क्रू ड्रायव्हर मागवला. त्याच्याबरोबर मिसेस चोप्राही आल्या. "बेटा, एक बार बंद करके चालू करो," त्या म्हणाल्या. केलं. "अब दो बार करो." तेही केलं. मग त्या सोफ्यावर बसून चहा प्यायल्या आणि डब्याला नजर लागलीय असं सांगून गेल्या.

श्रीरंगने वायरी काढून परत लावल्या. सेटिंग बदललं. ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. दोघं इतका वेळ इंग्रजीत भांडले की मला वाटलं, डबा घाबरून तरी उठेल. नवा मदरबोर्ड काढून परत बसवला, तेव्हा एक स्क्रू उरला. तो कुठला ते कोणालाच कळेना. मेधा म्हणाली, "अहो, तुम्ही हे ऑफिसातही असंच करता का?" त्यावर श्रीरंग जेवला नाही.

मग मात्र त्याने जे केलं, ते मी कॉलेजच्या परीक्षेनंतर प्रथमच पाहिलं. देवासमोर गेला, पाटावर डोकं टेकवलं आणि म्हणाला, "देवा, एवढा डबा चालू कर." त्याचं कपाळ त्या झेंडूपासून चार बोटांवर होतं. देव बिचारा आणखी किती जवळ आणून देणार!

दसरा उजाडला. रेवा रडून रडून सुजली होती. मी म्हटलं, रडणं नंतर, आधी आरती, मग पूजा हलवू. पाटावरून पेन ड्राइव्ह उचलला, पदराने पुसला आणि जोर लावून स्पीकरमध्ये खुपसला. सगळे टाळ्या वाजवायला हात जोडून उभे. स्पीकर नुसता डोळा मिचकावत बसला.

"घ्या!" मी ओरडले. "त्याचा डबा गेला तो गेला, माझा गणपतीही घेऊन गेला!"

रेवाने माझ्याकडे पाहिलं. स्पीकरकडे पाहिलं. मग डब्याकडे.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "काल तुम्ही डब्याला कुठला पेन ड्राइव्ह लावला?"

श्रीरंग धावला! डब्यातला उपटून स्पीकरला लावला, तर झांजांसकट गणपती हजर. म्हणजे कालपासून डब्याला आरत्या भरवून आम्ही तो उठण्याची वाट बघत होतो! आता स्पीकरमधून काढलेला डब्याला लावायला गेला, तर आत जाईना. तोंडात अक्षतांचा दाणा अडकलेला. मेधाने सेफ्टी पिनने तांदूळ काढला, आरती जोरात चालू, आणि डबा घरघरून उठला.

"सगळे फोटो आहेत!" रेवाने मला उचललंच. मी शांतपणे म्हटलं, "बघा, पूजेचा गुण." श्रीरंगने तो तांदूळ मला दाखवला. घाईत कचनारचं पान तेवढं सोनं म्हणून हातात देऊन पाया पडला. (दिल्लीत आपटा मिळत नाही, कचनारवर भागवतो.)

पण एवढे फोटो डब्यातून बाहेर यायला दुपार टळली, पाहुणे पानिपतहून निघालेलेही होते. निवडायला वेळ कुठे? श्रीरंग मेधाला म्हणाला, "रेवाच्या लहानपणापासून घरातले सगळे फोटो ओळीने लावून टाक. बिल्कुल बघत बसू नकोस."

सोसायटीच्या हॉलमध्ये फिल्म सुरू झाली. रेवा झबल्यात, रेवा बोळक्या तोंडाची, रेवा शाळेत. पानिपतची मंडळी "अच्छा, अच्छा" करत होती. रेवा स्टेजवर खुशीत. आणि मग अख्ख्या पडद्यावर तपकिरी, सुरकुतलेला, प्रचंड असा एक उंचवटा आला.

मुलाच्या आजीने कौतुकाने विचारलं, "ये कौन सा पहाड़ है जी?"

"मेरा अंगूठा है जी," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

माझ्याही फोनमधलं सगळं आपोआप डब्यात पडतं, हे मी विसरलेच होते. पुन्हा अंगठा. मग माझी नाकपुडी, खालून. मग भाजीवाल्याचा भोपळा, परत अंगठा. नवरामुलगा हसून हसून खुर्चीवरून घसरायचा बाकी होता. डब्यातलं सगळं सुखरूप निघालं होतं. दुर्दैवाने माझंही!

रोका झाला. पेढे वाटले, लोक हसत हसत घरी गेले. मी चौथीपर्यंत का होईना, शिकले. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हापासून बँकेत, रेशनला, सगळीकडे सही केली, आयुष्यात कधी कुठे अंगठा उठवला नाही. आणि आता सगळं पानिपत मला अंगूठेवाली दादी म्हणून ओळखतं!