पुसलेला फोटो

"केला बाई डिलीट, बघ," म्हणत ऋचाने फोन माझ्या नाकासमोर नाचवला. ऋचा वसतिगृहात माझ्याच खोलीत राहते. सकाळी आई मला भेटायला आली होती. खुर्ची असूनही ती फरशीवर बसून माझ्यासोबत भाकरी खात होती. ऋचाने तिचा फोटो काढला आणि ती गेल्यावर सगळ्या मजल्याला दाखवला. सगळ्या हसल्या.

फोटो गेला नव्हताच. पुसलेले फोटो फोन महिनाभर एका वेगळ्या कप्प्यात ठेवतो. मी तिला तो उघडायला लावला. आई तिथे शांतपणे घास मोडत बसली होती. मला त्या फोनची किळस आली. नीट सांगता येत नाही, पण या मुलींचं हसूही तसंच वाटतं. तोंडावरून पुसलेलं, आत जपून ठेवलेलं.

"इथूनही काढ."

"किती गं मनाला लावून घेतेस!"

फोन हिसकावून मीच बटण दाबलं. आता तो फोटो कुणालाच परत आणता येणार नव्हता.

संध्याकाळी आईचा फोन आला. "त्या पोरीनं माझा फोटो काढला ना, तेवढा पाठव गं. माझा एकटीचा फोटो आजवर कुणी काढलाच न्हाई."