मनकर्णाबाईंची बंगई

आमच्या अंगणातला कडूनिंब वादळात आडवा झाला, तेव्हा नागपुरातलं अख्खं प्रताप नगर हळहळलं. माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई, मात्र पदर खोचून पडलेल्या बुंध्यावर जाऊन बसल्या आणि त्याला दोन्ही हातांनी थोपटू लागल्या. मला वाटलं, बाईंना धक्का बसला.

"प्रमोदिनी, याची बंगई होईन वं!" त्या ओरडल्याच.

पुण्याकडची माणसं झोपाळा म्हणतात, आम्ही बंगई म्हणतो. साखळ्यांना टांगलेली रुंद फळी, बैठकीत. काटोलजवळच्या ज्या घरात सासूबाई सून म्हणून आल्या, तिथे अशी एक बंगई होती. ती पुसायची सुनांनी आणि तिच्यावर बसायचं पुरुषांनी. एकदा घरात कोणी नाही असं पाहून त्या जरा टेकल्या, तेवढ्यात दारातून त्यांचे सासरे खाकरले. त्या चटका बसल्यागत उठल्या, त्या पुन्हा कधी बसल्या नाहीत. नागपुरात स्वतःचं घर झाल्यावर बंगईचं नाव काढलं की माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, म्हणायचे, "काहून, खुर्च्या चावतात का तुले?"

आता झाडच घरचं पडलं होतं, त्यामुळे त्यांचं तोंड बंद. शेजारचे लोक सरपणासाठी कुऱ्हाडी घेऊन आले, तर सासूबाईंनी फांद्या देऊन टाकल्या आणि बुंध्याजवळ उभ्या राहून दम भरला, "याले हात त लावून पाहा!" दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या तरण्या पोरांनी तो ओंडका बैलबंडीवर चढवला. मागे सायकलरिक्षात आम्ही दोघी. त्याच्याही मागे सायकलवर मामाजी, "मी फक्त तमाशा पाहाले येऊन राहिलो" असं दहादा बजावून.

लकडगंजच्या लाकूडबाजारात आरामशिनीचे, म्हणजे लाकूड चिरायच्या मशीनचे, मालक भैयाजी बंडीकडे बघून हातच जोडू लागले.

"माय, अंगणातलं झाड मी चिरत नाही. लोक खिळे ठोकून ठेवतात. करवतीचा पट्टा तुटला त माझा माणूस जाईन."

सासूबाईंचा चेहरा क्षणभर पडला. क्षणभरच. मग त्या बंडीवरून उतरवलेल्या ओंडक्याकडे तरातरा गेल्या.

"खिळे मीच ठोकले आहेत. मीच दाखवीन. खडू आणा!"

आणि काय सांगू, त्या बाईनं झाडच वाचून दाखवलं! "हा वाळवणाच्या दोरीचा. हा," फाटकाशी सायकल धरून उभ्या असलेल्या मामाजींकडे मानेनं दाखवत, "यायच्या दाढीच्या आरशाचा. हा रेडिओच्या तारेचा." काही खिळ्यांवरून साल चढून गेली होती, वरून काही दिसत नव्हतं. त्या बोटांनी चाचपायच्या, खडूनं फुली मारायच्या, कारागीर छिन्नी लावायचा आणि खिळा निघायचा. पाहता पाहता आजूबाजूच्या मशिनींवरची माणसं गोळा झाली. प्रत्येक खिळ्याला टाळ्या! मीसुद्धा वाजवल्या, सासूसमोर, भर बाजारात.

"आणखी?" भैयाजींनी विचारलं.

"संपले."

"शपथ?"

"शपथ!"

मशीन सुरू झाली. पट्टा गरगरू लागला, ओंडका गाड्यावरून त्याच्याकडे सरकू लागला. सासूबाईंनी माझा दंड असा धरला की बांगडी रुतली. करवत लाकडाला भिडणार, तोच मागून आवाज आला.

"थांबवा! बंद करा गा, बंद करा!"

मामाजी सायकल टाकून धावत आले होते. मशीन थांबली. सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"एक राहिला," ते घाम पुसत म्हणाले.

"कोणता?" सासूबाई चिडल्या. "मी सारे दाखवले."

"तो तुह्या नाही. माह्या आहे."

ते ओंडक्याच्या पलीकडच्या बाजूला गेले आणि एका जागी तळवा ठेवला. "इथं घोड्याची नाल ठोकली होती. मागाहून नाल काढली, खिळा काही निघाला नाही."

"नाल? तुम्ही? काहून?"

मामाजींनी मान वर केली नाही. "तुले टायफाईड झाला होता न. डॉक्टरनं हात टेकले होते. कोणी म्हणालं नाल ठोका, त ठोकली."

हे कोण सांगत होतं, तर कोणाच्या दारावर लिंबू-मिरची दिसली की रस्त्यात उभं राहून अंधश्रद्धेवर भाषण देणारे आमचे मामाजी! मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. त्या म्हाताऱ्यावर मला इतकी माया कधीच आली नव्हती. सासूबाईंनी खडू मामाजींच्या हातात दिला आणि मामाजींनी स्वतः फुली मारली.

तो खिळा बोटाएवढा लांब निघाला. मग करवत चालली, कडवट वासाचा भुसा आमच्या डोक्यांवर उडाला आणि लालसर, रुंद, बिनसांध्याची फळी सुटी झाली. सासूबाई भुशानं माखून लहान पोरीसारख्या हसत होत्या.

फळी वाळेपर्यंत दिवाळी उलटली. मिस्त्रीनं ती तासली, कड्या बसवल्या, बैठकीत टांगली. मिस्त्री गेला न गेला, तोच मामाजी पेपर घेऊन आले आणि बंगईवर बसले. वाईट मनानं नाही, सवयीनं.

सासूबाई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"उठा," त्या म्हणाल्या.

साऱ्या संसारात त्यांनी हा शब्द नवऱ्याला म्हटला नसेल. मामाजी ताडकन उठले. सासूबाई बसल्या, साखळ्या धरल्या आणि झोका घ्यायला गेल्या, तर पाय जमिनीला पोचेनात. मिस्त्रीनं बंगई पुरुषांच्या मापानं टांगली होती! त्या तशाच लोंबकळत माझ्याकडे बघू लागल्या.

मी पुढे झाले. मामाजींनी मला हातानंच थांबवलं, पेपर खुर्चीवर टाकला आणि बंगईमागे जाऊन हलकेच एक झोका दिला.

"अहो, घाबरता काय?" सासूबाई म्हणाल्या. "जोरात द्या न!"