मथुराबाईंचं क्रॉसिंग

मथुराबाई आणि सोजरबाई एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन धायरीत आल्या. दोघींची घरं समोरासमोर, मधून बैलगाडीचा रस्ता. कढी उतू गेली तरी एकीची हाक दुसरीला जायची. दुपारची भांडी झाली की सोजरबाई पदराला हात पुसत निघायच्या, त्या थेट मथुराबाईंच्या ओट्यावर येऊन टेकायच्या. कधी काही बोलायचं असायचं, कधी नसायचं. मथुराबाईंचे मालक गेले तेव्हा तर सोजरबाईंनी महिनाभर अंथरुणच इकडं आणून टाकलं होतं.

पुढं शेतं गेली आणि शेतांच्या जागी सोसायट्या आल्या. रस्त्यावर डांबर पडलं, मग तो रुंद झाला, तरी पुरेना. पाण्याचे टँकर, सिमेंटचे मिक्सर, शाळेच्या बसगाड्या आणि दुचाक्यांची तर रीघच. मथुराबाईंचा मुलगा जयसिंग नोकरीच्या सोयीनं कर्वेनगरला फ्लॅटमध्ये राहायला गेला. आईला चल म्हणाला होता. त्या दोनदा आठ-आठ दिवस राहून परत आल्या. समोर सोजरबाईंच्या मुलानं, बजरंगनं, जुनं घर पाडून खाली रंगाचं आणि नळसामानाचं दुकान काढलं आणि वर बिऱ्हाड थाटलं.

एका नागपंचमीला सोजरबाई ताटलीत लाह्या घेऊन निघाल्या. अर्धा रस्ता पार केला आणि दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. हॉर्नवर हॉर्न. कुणीतरी हेल्मेटच्या आतून ओरडला, "ए म्हातारे, मरायचंय का?" मथुराबाई ओट्यावरून नुसत्या हात हलवत राहिल्या. शेवटी एक रिक्षा आडवी थांबली आणि सोजरबाई मागच्या मागं आपल्या दारात परतल्या. लाह्या रस्ताभर उडत होत्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, "न्हाई गं बया. माझं काळीज अजून जागंवर न्हाई. तूबी येऊ नगंस."

दोघी आपापल्या दारात बसायच्या. मधून एखादा टँकर गेला की समोरचं माणूस दिसेनासं व्हायचं. सोजरबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोनवर अर्धं बोलणं "आँ? काय म्हणलीस?" यातच जायचं. पुढं फोनही कमी झाले. संध्याकाळी दिवा लावून झाला की मथुराबाईंच्या ध्यानात यायचं, की आपलाच आवाज सकाळपासून ऐकलेला नाही. मग त्या उगीचच मोठ्यानं म्हणायच्या, "चला, भाकरी टाकू."

शेजारच्या सोसायटीत गोपाळकृष्ण पेंडसे नावाचे निवृत्त गृहस्थ राहत. बसस्टॉप पलीकडे असल्यामुळे त्यांनाही रोज हा रस्ता छळायचा. त्यांनीच मथुराबाईंना सांगितलं, की महापालिका दरवर्षी अंदाजपत्रकाआधी नागरिकांकडून कामं मागवते. इथं क्रॉसिंग मागू या. "मी लिहितो, पण तुम्ही बरोबर चला. माझ्याकडे बघून साहेब लोक घड्याळ बघतात. तुमच्याकडे बघून निदान खुर्ची तरी देतील."

खुर्ची दिली. अर्जही घेतला. त्या वर्षी मात्र काहीच झालं नाही. पुन्हा गेले तेव्हा साहेब म्हणाले, "काम मंजूर होतं आजी, पण निधी दुसरीकडे वळवला."

"कमान झाली ना फाट्यावर," पेंडसे म्हणाले. "छान झालीय. तिच्याखालून जाताना माणूस मेला तर थेट स्वर्गातच जाईल."

मथुराबाईंना हे तिरकं बोलणं जमत नसे. त्या फक्त विचारायच्या, "मंग आता कवा यायचं?" आणि सांगितलेल्या दिवशी जायच्या. नगरसेवकांच्या कार्यालयात गेल्या, वॉर्डाच्या बैठकीला गेल्या. परत येताना पलीकडच्या बाजूला बसमधून उतरलं की पेंडसे हात धरून ओलांडायची घाई करायचे, तेवढ्यात त्या सोजरबाईंना वर हाक मारून, हातवारे करून बातमी द्यायच्या. "हुईल गं!" म्हणून सोजरबाई गॅलरीतून हसायच्या.

दुसऱ्या वर्षी पैसे आले. तरणा अभियंता टेप घेऊन आला, रस्ता मोजला आणि ओट्यावर नकाशा पसरला. रस्त्याला उंचवटा, वर पांढरे पट्टे, मधोमध थांबायला छोटा कट्टा. कट्ट्याला जागा द्यायची तर रस्ता एका अंगाला सरकवावा लागणार, आणि त्यासाठी मथुराबाईंच्या घरापुढची पट्टी हवी, ओट्यासकट. रीतसर संपादन करायचं तर पुन्हा वर्षं जाणार आणि तोवर निधीची मुदत संपणार. त्यांनी स्वखुशीनं लिहून दिली तर काम लगेच सुरू होईल. पलीकडच्या अंगाला बजरंगच्या दुकानापुढं रेलिंग येणार होतं. तिथं मालाचा टेम्पो लावता येणार नव्हता.

"दुसरीकडं कुटं न्हाई का व्हायचं?" मथुराबाईंनी विचारलं.

"पुढं वळण आहे आजी, गाडी दिसत नाही. अलीकडे नेलं तर पार पेट्रोल पंपाजवळ. तिथवर चालत जाऊन कोण ओलांडणार?"

संध्याकाळी बजरंग आला. लहानपणी याच ओट्यावर तो झोपी जायचा. आज उभ्याउभ्याच बोलला.

"काकू, तुमी जागा देत न्हाई म्हणा. मंग ते आपसूक पंपाकडं नेत्याल."

"आन् तुझ्या आईनं काय करायचं?"

"आईला यायचं आसंल तवा मी सोडीन की गाडीतनं."

"दोन वर्सांत किती येळा सोडलंस बाबा?"

बजरंगनं मान खाली घातली. मग म्हणाला, "टेम्पो दारात लागला न्हाई तर माल मी डोक्यावरनं आणू का?" आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सोजरबाईंचाच फोन आला. त्या दिवशी त्यांना सगळं नीट ऐकू येत होतं. "मथुरे, पोराच्या पोटावर पाय देऊ नगंस. मी कुटं म्हणलं हुतं तुला रस्ता मागायला?"

मथुराबाईंनी फोन ठेवला. रात्रभर त्यांच्या मनात तेच घोळत राहिलं. नाही म्हणायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. पण सकाळी झाडायला बाहेर आल्या, तर धुणीभांड्याला निघालेल्या बाया घोळक्यानं कडेला खोळंबल्या होत्या. त्यातली एक पोटुशी होती. ती पुढं व्हायची, हॉर्न वाजला की मागं सरायची. मथुराबाई केरसुणी हातात धरून बघत राहिल्या. हे काम आता आपल्या एकटीचं राहिलेलं नाही, नको म्हणायचाही आपल्याला अधिकार नाही, असं काहीसं त्यांना वाटलं. दुपारी त्या पेंडशांबरोबर जाऊन सही करून आल्या.

जयसिंग फोनवर तडकला. "रस्त्याकडेची जागा अशी फुकट देतात का? मला विचारायचं तरी!" त्या म्हणाल्या, "तू हुतास कुटं विचारायला?" त्यावर त्यानं फोन ठेवला.

ओटा एका सकाळी मशीननं उचलला. महिन्याभरात पट्टे मारून झाले. उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाले, मथुराबाईंना शाल मिळाली. पेंडसे म्हणाले, "आता पहिलं तुम्हीच ओलांडा." त्यांनी वर बघितलं. गॅलरीचं दार लावलेलं होतं. "पाय दुखतोय," म्हणून त्या घरात गेल्या.

चार-सहा दिवसांनी मनाचा हिय्या करून त्या निघाल्या. गाड्या उंचवट्यापाशी खरंच हळू झाल्या. एका बसवाल्यानं तर हातानं जा म्हणून खुणावलं. वर बजरंगची बायको दार उघडून म्हणाली, "या, बसा." सोजरबाई आतून आल्या, पदर सारखा करून खुर्चीवर बसल्या. खाली सतरंजी होती, पण मथुराबाईंनाही खुर्चीच दिली. गुडघ्यांचं बोलणं झालं, पाण्याच्या टंचाईचं झालं. चहा आला.

"साखर चालती ना तुला?" सोजरबाईंनी विचारलं.

"चालती," मथुराबाई म्हणाल्या.

खाली बजरंगचा माणूस लांबून हातगाडीवर डबे आणत होता, त्या चाकांचा आवाज वर येत होता. दोघींनी तो ऐकला. निघताना सोजरबाई जिन्यापर्यंत आल्या, तिथं थांबल्या. "सावकास जा," म्हणाल्या. "परत ये" म्हणाल्या नाहीत.

मथुराबाई तरीही पुढच्या आठवड्यात गेल्या. सोजरबाई झोपल्या होत्या. त्यानंतर गेल्या तेव्हा सुनेनं दारातूनच सांगितलं, "आत्याबाई कात्रजला गेल्यात लेकीकडं. ऱ्हातील आता."

"किती दिस?"

"तसं काय सांगितलं न्हाई."

"बरं," म्हणून त्या उतरल्या.

दिवाळीच्या आधी जयसिंगचा फोन आला. राग निवला होता. इकडचं तिकडचं बोलून त्यानं विचारलं, "मग, झालं का तुझ्या मनासारखं?"

मथुराबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. बाहेर शाळा सुटली होती, गाड्या थांबल्या होत्या आणि पोरं, बाया घोळक्यानं पट्ट्यांवरून चालली होती. आता घर अगदी रस्त्याला टेकलं होतं, माणसं हातभर अंतरावरून जायची.

"झालं की," त्या म्हणाल्या. "लोकं जात्यात, येत्यात."

"आणि सोजरमावशी?"

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तू दिवाळीला येनार हाईस ना?" त्यांनी विचारलं. "मंग अनारसं टाकते थोडं."