खांबातला दोरा

सात रस्त्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये ईरप्पा मोटारींच्या वायरिंगचं काम करायचा. साल होतं चौऱ्याहत्तर. हातात कसब आणि जिभेवर मिरची. गिऱ्हाइकाने घाई केली की म्हणायचा, "मग बैलगाडी घ्या की. तिला वायरच नसती." तरी लोक त्याच्याकडेच यायचे, कारण त्याच्या हातच्या गाडीत वायर म्हणून दिसायची नाही. सगळी दाराशेजारच्या, छत पेलणाऱ्या खांबांच्या पोकळीतून, छताच्या कापडामागून नेलेली.

त्या वर्षी मंगळवार पेठेतल्या शिवबाईंनी आपल्या दिवंगत यजमानांची, महादेवप्पांची, काळी मोटार त्याच्याकडे दिली. गाडी होती तशी करून हवी होती, पण बाईंचा जीव अडकला होता छतातल्या दिव्यात. दार उघडलं की तो लागायचा.

"यजमान दार धरून उभं राहायचे," त्या म्हणाल्या. "उजेड पडला की आधी माझ्याकडं बघायचे, मग म्हणायचे, पायाखाली बघ. तेवढा दिवा लागू दे, ईरप्पा. पण गाडीला भोक पाडायचं न्हाय."

"एक भोक पाडलं, एक वायर दिसली, तर पेटी बंद करून अक्कलकोटला जाऊन बसतो," ईरप्पाने छातीवर हात मारून सांगितलं.

आणि पहिल्याच दिवशी घोळ घातला. खांबातली जुनी वायर काढताना तिच्या टोकाला दोरा बांधायचा असतो. वायर बाहेर येते, दोरा तिच्या वाटेवर आत राहतो आणि त्याला बांधून नवी वायर ओढता येते. ईरप्पाने नुसता हिसका दिला. वायर आली हातात, पण पुढची वाट बंद.

दोऱ्याचं आणि त्याचं वाकडं जुनंच. विजापूर वेशीतल्या हुसेनसाब उस्तादांकडे तो अकरा वर्षं शिकला होता. उस्ताद काम झाल्यावरही हातमागावरचा एक मेण लावलेला दोरा खांबात ठेवून द्यायचे, पुढच्या मिस्त्रीसाठी. "दुसऱ्याचं काम आपण कशाला सोपं करायचं?" ईरप्पा एकदा चार गिऱ्हाइकांदेखत बोलला. शब्दाने शब्द वाढला आणि तो पेटी उचलून निघाला. त्याला नऊ वर्षं झाली. वेस हाकेच्या अंतरावर, पण हा पठ्ठ्या वाकडी वाट करून जायचा.

आता तीन दिवस तो पोलादी तार खांबात घालत होता. ती वळणावर अडायची. बाईंचा मुलगा पंचाक्षरी येऊन म्हणाला, "बाहेरनं टाका की वायर. कोण बघतंय?" ईरप्पाने तार पुन्हा खांबात खुपसली.

चौथ्या दिवशी त्याने हार मानली. भोक पाडायला ड्रिल काढलं. पत्र्याचा कीस पडू नये म्हणून दिवा उतरवला, त्याखालची लाकडी चकतीही काढली, आणि थांबला. चकतीमागे एक मळकट दोरा दुहेरी गाठ मारून ठेवला होता. गाठ त्याच्या ओळखीची होती. हळूच ओढल्यावर खाली, दार उघडलं की दिवा लावणाऱ्या बटणापाशी, मळीत दडलेलं दुसरं टोक हललं.

हा दिवा उस्तादांनी बसवला होता. ईरप्पा मागच्या सीटवर बसला आणि ढसाढसा रडला. मग त्या दोऱ्याला नवी वायर बांधली, आणि वायर मुकाट वर आली.

संध्याकाळी त्याने शिवबाईंसाठी दार उघडलं. उजेड पडला. बाई पदर सारखा करून क्षणभर उभ्या राहिल्या, शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाल्या, "बघते हां पायाखाली," आणि आत बसल्या.

"बाई, वाटेत एका घरापुढं थांबू का?" ईरप्पाने विचारलं.

हुसेनसाब ओट्यावर बसले होते. नजर गेली होती. ईरप्पाने पाय धरले तेव्हा त्यांनी आधी त्याचे हात चाचपले, मग उठून गाडीचा खांब.

"धागा रख्या क्या रे?"

"रख्या, उस्ताद," ईरप्पा म्हणाला. "दो रख्या. एक तुमारा, एक मेरा."