गाडी जाईल तितकं

हात पदराला पुसत त्या दारात यायच्या, दाराची कडी ओढायच्या आणि रस्त्यानं चाललेल्या बैलगाडीला हात करायच्या. "रिकामी हाय का रे?" गाडीवानानं मान डोलावली की मागच्या अंगानं चढून बसायच्या. निघालेल्या माणसाला आपल्याकडं 'कुठं चाललात' असं विचारत नाहीत, काम होत नाही म्हणतात. म्हणून गल्लीतल्या बायका विचारायच्या, "अक्का, लांब का?" त्यावर उत्तर ठरलेलं होतं. "गाडी जाईल तितकं."

तुम्ही म्हणाल, असं एखादं माणूस प्रत्येक गावात असतं. असेल. पण ही गोष्ट निजामाच्या राज्यातल्या सेलूची आहे. बाईला स्टेशनापर्यंत जायचं तरी सोबत लागायची आणि अक्का तर पन्नाशीच्या विधवा. पुढं त्यांच्या दिराचं किराणा दुकान, मागं त्यांच्या दोन खोल्या आणि त्याला लागून आमचं बिऱ्हाड. दीर वैतागायचे. "वहिनी, लोक काय म्हणतील?" अक्का म्हणायच्या, "लोक घरी बसून म्हणतेत. मी गाडीत असते, मला ऐकू येत न्हाई."

अक्का लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळाला विभूती. सकाळी जिथं असतील तिथं बसून पूजा करायच्या, मग तो कुणाच्या शेतातला बांधाचा दगड का असेना. मी एकदा विचारलं, घरच्या देवाला कोण बघतं? तर म्हणाल्या, "माजा देव गळ्यात हाय. मागं काय राह्यलं मग?" आमच्या देवघरात सतरा देव.

एकदा भाकरीचं पीठ मळून ठेवलं होतं आणि दारावरून गाडी गेली. अक्का तिसऱ्या दिवशी आल्या, पदरात हरभऱ्याचे हिरवे ढाळे. पीठ आम्हीच उचलून गाईला घातलं होतं. कुठं होतात, तर म्हणे गाडीवानाच्या आईला त्या आवडल्या, तिनं जाऊ दिलं नाही. गावाचं नाव विचारलं तर त्यांना आठवेना. म्हातारीच्या गुडघ्याचं दुखणं मात्र सगळं पाठ होतं.

आणि मी कशी होते? माझं माहेर सोनपेठच्या बाजूला, गोदाकाठी. तिकडं जायचं म्हटलं की आठ दिवस आधीपासून माझी बांधाबांध. लोणचं, सुंठ, दोन जास्तीची लुगडी, वाटेत पाऊस आला तर घोंगडं. अक्का दारात उभ्या राहून बघायच्या. "गाठोडं गावाला जायलंय गं. तू नुसती त्याची हमाल." मला राग यायचा, कारण ते खरं होतं. मी जन्माची भित्री. घराबाहेर पाऊल टाकायच्या आधी काय काय बिघडेल ते सगळं माझ्या डोळ्यांपुढून जाऊन यायचं.

अशा मला त्या बाईनं एकदा पोखर्णीला नेलं. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अक्कांच्या भाचीला पोचवायला आम्ही स्टेशनावर गेलो होतो. भाची चढली, गाडी हलेना. अक्कांनी खिडकीपाशी जाऊन विचारलं, "एवढे लोक कुठं चालले?" लोक म्हणाले, परभणीला उतरायचं आणि तिथून पोखर्णीच्या नरसिंहाला. "मग चल," अक्का मला म्हणाल्या. मी म्हणाले, घरी सांगितलं नाही, चूल पेटलेली आहे, हे कापसाच्या जिनातून येतील. तोवर त्यांनी तिकिटं आणलीसुद्धा.

त्या दिवसाचं काय सांगू? परभणीहून कुणाच्या तरी गाडीत दाटीनं बसलो. वाटेत एका शेतात हुरडा चालला होता, त्यांनी हाका मारून बसवलं. माझ्याजवळ काही नव्हतं, त्यामुळं सांभाळायलाही काही नव्हतं. दोन्ही हात मोकळे ठेवून मी आयुष्यात पहिल्यांदा रस्ता बघत गेले. देवळात रांगेत उभी असताना ध्यानात आलं की सकाळपासून मला भीतीच वाटलेली नाही. मग ती वाटलीच, घरी परतताना. आमचे हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना हळूच म्हणाले, "कसं होतं पोखर्णीला?"

त्यानंतर ते वर्ष आलं. निजामाच्या राज्याचं शेवटचं. कुणाच्या गावाकडं धूर दिसला ते सकाळी पाण्याला गेल्यावर कळायचं. आमचे हे जिनात कारकून होते. गावात तिरंगा लावला त्यात हेही होते, म्हणून एका पहाटे निघून वऱ्हाडात गेले. तिकडं इंग्रजांचं राज्य जाऊन आपलं आलं होतं. मी आणि दीड वर्षाची आमची मुलगी मागं राहिलो. बंदुका घेतलेले निजामाच्या बाजूचे लोक त्यांना विचारत दोनदा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी घरभर बघितलं आणि जाताना एकजण म्हणाला, "जुम्मे तक नहीं आया तो तुमको ले जाते." शुक्रवारला तीन दिवस होते.

वऱ्हाडात जायचं तर वाट जिंतूरवरून. वाटेवर त्याच लोकांचा नाका बसलेला. आमच्याच गल्लीतलं एक कुटुंब सामान भरून निघालं होतं. त्यांना नाक्यावरून परत फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरात काही उरलं नाही. माणसांचं काय झालं ते कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मी दाराला अडसर घालून गाठोडं बांधायला बसले.

मागच्या दारानं अक्का आल्या. गाठोडं बघितलं, खाली बसल्या आणि सोडायला लागल्या. एकेक वस्तू उचलून जिथली तिथं नेऊन ठेवली. मी म्हणाले, "अक्का, असं काहून करायलात?"

"गाठोडं बांधलं की माणूस पळायलंय असं दिसतंय," त्या म्हणाल्या. "मी जाते तवा कुणी बघतंय का माज्याकडं? नाक्यावरचे बी हसतेत. चुलीवर वरण ठेव. पोरीला कडेवर घे. कडी लाव. बस."

"कुलूप?"

"कुलूप लावलं की लांब चाललीस असं होतंय."

मी ऐकलं. म्हणजे जवळजवळ सगळं ऐकलं. अक्का वरणाखालचा जाळ सारखा करत होत्या तेवढ्यात मी आत जाऊन लग्नातलं जरीचं लुगडं नेसले आणि त्यावर रोजचं नेसले. ते मागं टाकवेना. मी अशी होते.

भर दुपारी निघालो. बाजाराहून रिकामी परतणारी गाडी होती. "कुठपोतर?" अक्कांनी विचारलं. गाडीवान उतारवयाचा शेतकरी होता, म्हणाला, "जिंतूरपोतर." आम्ही बसलो. पावसाळ्यातली उकाड्याची दुपार, वारा नाही आणि माझ्या अंगावर दोन लुगडी. घामानं मी भिजले होते. अक्कांनी एकदा माझ्याकडं बघितलं, बहुतेक तेव्हाच त्यांना कळलं.

नाक्यावर चौघंजण होते. त्यातला पिकल्या दाढीचा पुढं आला आणि अक्कांना बघून हसला. "आज किधर अम्मा?"

"गाडी जाईल तितकं," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडं हात केला. "हिच्या लेकराला ताप हाय. पुढच्या गावात झाडपाल्याचं औषध देतेत. तितवर जायलाव."

तो जा म्हणणार होता. हात वर गेलासुद्धा होता. तेवढ्यात मुलीनं माझ्या निऱ्या धरून ओढल्या आणि खालच्या लुगड्याची जर उन्हात चमकली. त्याचं हसू गेलं. जवळ येऊन त्यानं नीट बघितलं. बाकीचे तिघं झाडाखाली पान लावत होते, त्यांना काही कळलं नव्हतं. हा एकटाच आमच्याकडं बघत होता.

"घर को ताला डाले?" त्यानं विचारलं.

"न्हाई. वरण शिजायलंय चुलीवर. माणूस धाडून बघ," अक्का म्हणाल्या.

"वापस आते?"

"दिवे लागायच्या आत."

त्याच्या मनात काय चाललं होतं, मला आजही सांगता येत नाही. मग म्हणाला, "तो एक जाओ, एक इधर बैठो. वो आई तो तुम जाना."

मला वाटलं अक्का आता काहीतरी बोलतील, त्याला हसवतील. त्या गाडीतून उतरल्या. नाक्याच्या लिंबाखाली पदरानं जागा झाडली आणि मांडी घालून बसल्या. इतक्या सहज, की ठरवून कुणाला तसं बसता येणार नाही. "ती जाऊन येती," त्या म्हणाल्या. "मी हाय की हितं." मग मला म्हणाल्या, "मागं बघू नको गं. बघितलं की उशीर होतो."

मी उतरायला हवं होतं. कडेवर लेकरू होतं म्हणून उतरले नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं ते वेगळंच आहे. गाडी हलली आणि मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मागून अक्कांचा आवाज येत होता. त्या त्याला विचारत होत्या, "तुजं गाव कंचं रे? माय हाय का?" आणि तो काहीतरी सांगत होता.

दिवे लागायच्या वेळी आम्ही जिंतूरच्या अलीकडं होतो. शेतातल्या एका खोपीत कंदील लागला. तो दिसू नये म्हणून मी पदर डोळ्यांवर ओढला. गाडीवानानं पुढच्या गावच्या माणसाला सांगून दुसरी गाडी जोडून दिली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही हद्दीपलीकडं पोचलो.

हे तिथं एका धर्मशाळेत उतरले होते. लेकीला छातीशी धरून ते रडले. मग विचारलं, "कुणासंगं आलीस?"

"एकटीच," मी म्हणाले.

दुसरं काही सांगितलं असतं तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता. धर्मशाळेतल्या बायका मला बघायला आल्या. एकटी बाई, लेकरू कडेवर, नाका ओलांडून आली. भित्र्या बाईचं केवढं कौतुक झालं. आज माझी लेक तिच्या नातवंडांना तीच गोष्ट सांगते आणि मी कोपऱ्यात बसून ऐकते.

थोड्याच दिवसांत फौजा आल्या, राज्य गेलं, आम्ही सेलूला परतलो. नाका उठला होता, तिथली माणसं पांगली होती. अक्कांच्या दाराला कडी होती. दीर भेटले. मी जमिनीकडं बघत उभी राहिले. ते म्हणाले, "वहिनी काय, नेहमीच्याच. गेल्यात कुठंतरी. येतील." त्यांची वाट बघायची कुणाला सवयच नव्हती. महिना गेला, वर्ष गेलं, तरी गल्ली म्हणायची, अक्का लय लांब गेल्या या टायमाला. कुणी शोधलं नाही. लिंबाजवळच्या वस्तीत जाऊन मी विचारलं असतं तर कुणीतरी सांगितलं असतं. सांगितलं असतं म्हणूनच मी गेले नाही.

दीर गेले, हेही गेले. आता सांगायला हरकत नाही. त्या दिवशी अक्का कुठंच गेल्या नव्हत्या. त्या माझी वाट बघत बसल्या होत्या, आणि मी येणार नाही हे त्यांना माहीत होतं.