आंबील कुठून आली?

"जीजी, आत्या नहीं रहीं," झाशीहून उदयचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत बसले होते. उदय विमलमावशींचा भाचा. कॉलेजात त्या आम्हाला इतिहास शिकवायच्या, तिथे बहनजी, घरी मावशी. दीड महिना झाला... पण त्यांची आठवण आली की रडू यायच्या आधी हुरूप येतो. याला काय करावं?

कोळशाच्या इंजिनांचे दिवस. वडील रेल्वेत गार्ड, आम्ही रेल्वे कॉलनीत. मावशींचं घराणं मात्र पेशवाईपासून झाशीतलं. बीएच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी आम्हाला एकेक छोटा शोधनिबंध लिहायला लावला. त्यातला एकच सगळ्या विभागापुढे वाचला जाणार होता आणि तो मान मला हवाच होता. मी विषय घेतला गौरीच्या नैवेद्याची आंबील, ताकातली, ज्वारीची. ती बुंदेलखंडात मराठी माणसांनीच आणली, असं मावशींच्या घरी मोठ्या अभिमानानं सांगत. मी जुनी मराठी घरं पालथी घातली. जिथे जावं तिथे हेच उत्तर. मी तर हवेतच होते!

निबंध संपत आला आणि आमच्या शेजारच्या, मूळ झाशीजवळच्या बरुआसागरच्या अम्मा आईच्या आंबिलीच्या पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "जा तो हमाई महेरी आय, बिन्नू." ही तर आमची महेरी! म्हणजे बुंदेली घरांतही तीच शिजत होती. मी पुन्हा त्याच घरी गेले आणि या खेपेला विचारलं, तुम्हाला हे कुणी सांगितलं? सगळ्यांनी एकच नाव घेतलं, मावशींच्या आजीचं. आता हे मावशींना सांगायचं कोणत्या तोंडानं? मान तर जाणारच, वर त्या दुखावणार. चाचरत सांगून टाकलं. त्या चष्मा काढून खुदकन हसल्या.

"म्हणजे तू घरोघरी माझ्या आजीलाच भेटत होतीस. चल, अम्मांकडे. अभी चलो."

अम्मांच्या ओट्यावर बसून मावशींनी विचारलं, महेरी कुणी शिकवली? "मताई ने," म्हणजे आईनं. आणि त्या आईला कुणी? "उनकी मताई ने." कुणी कुणाकडून घेतली, की दोघांची आपापलीच, ते शेवटपर्यंत कळलं नाही. 'सिद्ध होत नाही,' असं मी शेवटी लिहिलं. विभागातले एक सर म्हणाले, मग लिहिलं कशाला? मावशी त्यांच्याशी तावातावानं भांडल्या आणि माझाच निबंध वाचायला लावला. असा आनंद मला पुन्हा क्वचितच झाला.

परवा त्यांच्या घरी गेले होते. मावशींना जाऊन वर्ष व्हायचं होतं, म्हणून गौरी साध्याच. उदयची बायको पानात आंबील वाढताना सहज म्हणाली, "ही आपल्याकडे कुठून आली, ते पक्कं माहीत नाही हं." मी चमकून वर पाहिलं.

"आत्या हर साल परोसते हुए यही बोलती थीं," उदय म्हणाला. "अब इसके बिना नैवेद्य पूरा नहीं लगता."

माझा निबंध त्या घरात दर वर्षी वाचला जात होता, आणि मावशींनी मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.